स्वप्नातील दुष्काळ

ख्रिस्तोफर नोलन या दिग्दर्शकाचा 'इन्सेप्शन' हा चित्रपट २०१० साली आला. आता तो हातातल्या फोनवरही पाहता येतो, आणि तो पाहून झालेला प्रेक्षक आजही बहुधा एकाच प्रश्नावर वाद घालीत असतो : शेवटी तो भोवरा पडला की फिरतच राहिला? दुसऱ्यांच्या स्वप्नांत शिरून त्यांची गुपिते चोरणे हा या चित्रपटातील नायकाचा व्यवसाय. स्वप्नात स्वप्न, त्यात आणखी एक स्वप्न. जाग्या जगातील पाच मिनिटे म्हणजे स्वप्नातील एक तास, असा तेथील कालगणनेचा हिशेब. आपण जागे आहोत की नाही हे ओळखण्यासाठी नायक एक लहानसा भोवरा जवळ बाळगतो. जागेपणी तो डगमगून पडतो, स्वप्नात तो अखंड फिरत राहतो. अखेरच्या दृश्यात भोवरा फिरत असतानाच पडद्यावर अंधार होतो.

हा सारा खटाटोप कशासाठी, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ऊर्जाक्षेत्रातील एका प्रचंड उद्योगसमूहाच्या वारसाने वडिलांचे साम्राज्य स्वतःच मोडावे, असा विचार त्याच्या मनात पेरायचा असतो. आणि काम सोपविणारा असतो प्रतिस्पर्धी उद्योगपती. मक्तेदारी मोडण्याचा हा मार्ग अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडायचा नाही! त्या समूहात राबणाऱ्या माणसांचे पुढे काय होणार, हा प्रश्न चित्रपटात कोणालाच पडत नाही. चित्रपट खरा गंभीर होतो तो नायकाच्या पत्नीच्या कथेत. स्वप्नात दोघांनी एक अख्खे आयुष्य काढलेले असते. तेथून परतल्यावरही हे घर, ही मुले सारे स्वप्नच आहे, या समजुतीने तिला ग्रासलेले असते, आणि जागे होण्यासाठी म्हणून ती उंचावरून उडी घेते. जग मिथ्या मानण्याची किंमत काही वेळा जिवाने मोजावी लागते, हे येथे दिसते.

प्रश्न जुनाच आहे. देकार्तने १६४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या चिंतनांत तो विचारला. आपल्याकडे गौडपादाचार्यांनी त्याहून कितीतरी आधी, मांडूक्य उपनिषदावरील कारिकांत, स्वप्न आणि जागृती यांना एकाच पंक्तीला बसविले. जागेपणीचे अन्न भूक भागविते, म्हणून ते तरी खरे, असा आक्षेप घेतला तर त्यावर उत्तर तयार आहे : पोटभर जेवून झोपलेला मनुष्यही स्वप्नात भुकेने व्याकूळ होतोच की! तर्क बिनतोड आहे. तथापि या दृष्टान्तातील मनुष्य जेवून झोपलेला आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. शंकराचार्यांच्या भाष्यात दुसरी बाजूही नोंदविलेली आहे : स्वप्नात जेवलेला माणूस उपाशीच उठतो. इतकेच नव्हे, तर ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात जागृतीतील अनुभव स्वप्नासारखा आहे हे मत त्यांनी स्पष्ट शब्दांत खोडून काढले आहे. स्वप्न जाग येताच खोटे ठरते, जागृतीतील खांब तसा खोटा ठरत नाही. व्यवहाराच्या पातळीवर जग खरेच, ही अद्वैताची भूमिका कीर्तनाच्या उत्तररंगापर्यंत पोहोचता पोहोचता बरीच पातळ होते.

बीड जिल्ह्याला ही चर्चा परकी वाटण्याचे कारण नाही. अंबाजोगाईजवळच्या डोंगरकपारीत मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते. शके १११० म्हणजे ११८८ मधला त्यांचा 'विवेकसिंधु' मराठीतील आद्य ग्रंथ मानला जातो. त्याचा काळ आणि स्थळ यांविषयी विद्वानांत वाद आहेत, ते असोत. गुरुशिष्यांच्या संवादातून हेच अद्वैत त्यात लोकभाषेत मांडले आहे.

परंतु या विषयावरची सर्वांत अस्वस्थ करणारी कथा आहे ती 'योगवासिष्ठा'त. लवण नावाच्या राजाच्या सभेत एक ऐंद्रजालिक येतो आणि मोरपिसांचा कुंचा फिरवितो. राजा निश्चल होतो. तेवढ्या वेळात त्याला घोडा अरण्यात घेऊन जातो, भुकेने प्राण कासावीस होतात, अन्न देणाऱ्या चांडाळकन्येशी तो लग्न करतो, मुलेबाळे होतात, कित्येक वर्षे उलटतात. मग दुष्काळ पडतो. घर सोडून बायकापोरांसह रानोमाळ भटकताना धाकटा मुलगा खायला मागतो, तेव्हा आपलेच मांस त्याला मिळावे म्हणून राजा अग्नीत प्रवेश करतो, आणि सभेत जागा होतो. नोलनची कथा येथे संपली असती. लवणराजा मात्र दुसऱ्या दिवशी लवाजमा घेऊन ते अरण्य शोधायला निघतो. तेथे ते गाव असते, दुष्काळाने होरपळलेली झाडे असतात, आणि मुलगी, जावई, नातवंडे यांच्यासाठी आक्रोश करणारी एक म्हातारी असते. राजाचे स्वप्न तिचे सत्य होते. वसिष्ठांनी पुढे दिलेले स्पष्टीकरण पाण्डित्यपूर्ण आहे; त्या म्हातारीपुढे ते फिके वाटते.

बीडच्या कोरडवाहू पट्ट्यातील माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. तेथे त्यांची गणना माणसांनी होत नाही, 'कोयत्या'ने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात संपून गेलेली असते. चित्रपटात पाच मिनिटांचा तास होतो. येथे येणाऱ्या पाच-सहा महिन्यांचे श्रम मोजलेल्या नोटांच्या एका पुडक्यात मावतात, आणि हिशेब पुरा न झाल्यास बाकी पुढच्या हंगामावर चढते. वर्षाचा अर्धा भाग गावच्या घरात, अर्धा पाचटाच्या कोपीत. यांतले खरे घर कोणते, हे ठरविणारा भोवरा कोणाच्याही कनवटीला नाही.

साखर मात्र साऱ्या महाराष्ट्राच्या चहात पडते. ती ज्यांच्या हातून येते त्यांची संख्या विचारावी, तर अंदाज लाखांत सांगितले जातात आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. गावात मोजावे तर ते फडावर असतात आणि फडावर मोजावे तर ते परगावचे असतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांची हजेरीपटावर नोंद तरी होत होती. त्या अनुभवातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. लवणराजाने केले ते एवढेच होते : उठून पाहायला गेला. राज्यकर्त्यांची, आणि वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या वर्गाचीही, तेवढी तयारी अजून पुरती दिसत नाही.

हंगामात बालाघाटाच्या डोंगराळ भागातील एखाद्या गावी गेल्यास ओळीने कुलपे लागलेली घरे दिसतात. ओट्यावर म्हातारी बसलेली असते, शेजारी शाळेसाठी मागे ठेवलेले नातवंड. कोठे गेले सारे, असे विचारले तर ती कारखान्याचे नाव सांगते आणि ट्रक परत कधी येईल त्याचे महिने बोटांवर मोजू लागते.