अफूवरील आंतरराष्ट्रीय निर्बंध व शेतकरी

अफूच्या व्यापारास आळा घालण्यासाठीं निरनिराळ्या राष्ट्रांनीं १९१२ सालीं हेग येथें पहिला करार केला. पुढें १९६१ सालीं न्यूयॉर्क येथें झालेल्या करारांत असें ठरलें कीं, जेथें अफूसाठीं पोस्ताची लागवड होते तेथील सरकारनें लागवडीचे परवाने द्यावे व निघालेली सर्व अफू हंगामानंतर चार महिन्यांच्या आंत ताब्यांत घ्यावी. आपल्याकडे मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश यांतील नेमलेल्या भागांतच हा परवाना मिळतो. क्षेत्र थोडें, बहुधा कांहीं गुंठ्यांचेंच. अफूचा कस कमी भरल्यास पुढील सालचा परवाना धोक्यांत येतो. जाच आहे खरा. परंतु गिऱ्हाईक ठरलेलें आहे.

निव्वळ बंदीचा अनुभव निराळा आहे. अमेरिकेच्या आग्रहावरून तुर्कस्थाननें १९७१ सालीं ही लागवड बंद करण्याचें जाहीर केलें. तेथील कुणब्यास खसखस व तिचें तेल हें घरचें अन्न. त्यामुळें असंतोष माजला. इकडे अमेरिकेंत मेक्सिकोचा चोरटा माल वाढला. १९७४ सालीं बंदी उठवून तुर्कस्थाननें नवी रीत घातली: बोंडास चिरा द्यावयाचाच नाहीं, सुकलेलें बोंड सरकारास विकावें, कारखान्यांत त्यांतून मॉर्फीन काढावें व खसखस शेतकऱ्यानें ठेवावी. चीक निघेनासा झाल्यावर चोरून विकण्यास उरलें काय? आमच्या मतें या सर्व इतिहासांत इतका शहाणपणाचा उपाय दुसरा नाहीं.

अफगाणिस्थानांत एप्रिल २०२२ मध्यें तालिबान सरकारनें बंदी घातली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणें त्या सालचें २,३३,००० हेक्टर क्षेत्र २०२३ मध्यें १०,८०० हेक्टरवर आलें. कागदावर हा मोठाच विजय. परंतु अफूपासून शेतकऱ्यांस मिळणारें उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर उतरलें. बदली पेरलेल्या गव्हास तेवढा पैसा कोठून येणार? भाव चढले, त्याचा लाभ साठेवाल्यांस झाला. आणि त्याच सालीं अफूच्या उत्पादनांत ब्रह्मदेश जगांत पहिला आला.

महाराष्ट्रांत या पिकास परवाना नाहीं. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याच्या ४६ व्या कलमान्वयें, आपल्या जमिनींत अशी बेकायदा लागवड असल्यास तिची खबर तत्काळ देण्याची जबाबदारी जमीनधारकावरच आहे. जाणूनबुजून टाळल्यास तो शिक्षेस पात्र होतो. म्हणून ज्यांनीं जमीन बटाईनें किंवा खंडानें दिली असेल त्यांनीं पौष-माघांत स्वतः शेतांत जावें व मक्याच्या आड काय उभें आहे तें पाहून यावें.