‘डिव्हाइस ट्री’मधील डी.एम.ए. नियंत्रकाचे वर्णन

स्मृती आणि परिघीय उपकरणे यांमधील प्रत्येक शब्दाची ने-आण प्रोसेसरनेच करावयाची म्हटल्यास त्याचा बराच वेळ त्यातच खर्ची पडेल. हे काम त्याच्याकडून काढून घेणारे मंडल म्हणजे डी.एम.ए. नियंत्रक होय. पत्ते व लांबी एकदा सांगितली की नियंत्रक ने-आण पुरी करतो आणि इंटरप्टद्वारा तशी सूचना देतो.

पीसीआय उपकरण आपली ओळख स्वतः देते. चिपमध्येच अंतर्भूत असलेला नियंत्रक सहसा ती देत नाही. म्हणून लिनक्स कर्नलसाठी त्याचे वर्णन ‘डिव्हाइस ट्री’त करावे लागते. २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायमधील बीसीएम२८३५ ही चिप या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

तिच्या नोंदीतील ‘कंपॅटिबल’ हा गुणधर्म योग्य ड्रायव्हर ठरवितो. ‘रेग’मध्ये षोडशमान पद्धतीतील ७ई००७००० हा आरंभ व एफ०० हा विस्तार येतो, म्हणजेच प्रत्येकी २५६ बाइटांच्या १५ वाहिन्या. सोळाव्या वाहिनीची रजिस्टरे अन्यत्र आहेत. हा पत्ता बसवरील असून प्रोसेसरला तेच स्थान २०००७००० येथे दिसते. हे रूपांतर मूळ शाखेतील ‘रेंजेस’वरून होते.

‘डीएमए-सेल्स’चे मूल्य १ आहे. त्यामुळे नियंत्रकाची सेवा घेणाऱ्या उपकरणाने एकच संख्या द्यावयाची असते. ध्वनीसाठीचे आयटूएस उपकरण प्रेषणासाठी २ व ग्रहणासाठी ३ देते. या संख्या वाहिन्यांच्या नव्हेत, मागणी-संकेतांच्या आहेत. वाहिनी कर्नल ऐनवेळी निवडतो.

ही निवड वाहिनी-मुखवट्याच्या मर्यादेत होते. मुखवटा ७एफ३५, अर्थात द्विमान पद्धतीत ०१११ ११११ ००११ ०१०१ असा आहे. उजवीकडून शून्यापासून मोजल्यास १, ३, ६, ७ व १५ या स्थानी शून्य येते. उरलेल्या ११ वाहिन्याच कर्नलने वापरावयाच्या. एखाद्या शून्याच्या जागी चुकून १ लिहिला गेला, तर चिपमधील फर्मवेअर वापरीत असलेली वाहिनी कर्नलही घेऊ शकेल. मग एकाच्या रजिस्टरांत दुसरा लिहील, स्मृतीतील मजकूर बिघडेल आणि दोष भलतीकडेच प्रकट होईल.

अशा वेळी संकलक तक्रार करीत नाही, कारण तो लेखनाचे व्याकरण तपासतो, सत्यता नव्हे. सत्यतेची जबाबदारी वर्णनकर्त्यावरच राहते. म्हणून प्रत्येक अंक चिपच्या माहितीपुस्तिकेशी व फर्मवेअरच्या वापराशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते.