गरीच्या काठीची पस्तीस वर्षं

बोरगाव मेघेतल्या माझ्या खोलीत भिंतीला पाच रॉड टेकवून ठेवले आहेत. पाचही मी घरी बांधलेले. पहिला 1989 सालचा, शेवटचा गेल्या हिवाळ्यातला.

दहावीची परीक्षा आटोपली होती. वर्ध्यातल्या एका बुरूड काकाजींकडे गरीसाठी काडी मागायला गेलो. त्यांनी आधी विचारलं, "कोन्त्या मासोयीसाठी?" मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी स्वतःच ढिगातून एक मानवेल बांबू काढला आणि म्हणाले, "तीन पावसाये पाह्यलेला घे पोट्ट्या. कोवया लवते, पन सरय नाई होत." चुलीच्या आचेवर फिरवत फिरवत त्यांनी काडी सरळ करून दिली. घरी मी तिला जवसाचं तेल चोळलं, तंगूस बांधला, शिशाचा मणी आणि मोरपिसाच्या दांडीचा तरंगा लावला. येळाकेळीकडे धाम नदीच्या डोहात तिनं मला रोहू दिले.

त्या काडीचं मोल मला फार उशिरा कळलं. 1840च्या दशकात अमेरिकेत बांबूच्या कामट्या चिकटवून रॉड बनू लागले, तेव्हा तिथले कारागीर भारतातून जाणारा 'कलकत्ता केन' वापरत. तो म्हणजे बहुतेक आपला मानवेलच, असं जाणकार मानतात. पुढे चीनच्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली. आपल्या रानातल्या या बांबूचा हा मान आपल्याकडे कोणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा रॉड फायबरग्लासचा. मजबूत होता, पण तासाभरात मनगट दुखायचं. त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

खरी चूक तिसऱ्या रॉडला झाली. 2009च्या सुमारास सुटे भाग घरपोच मागवता येऊ लागले आणि मी हावरटासारखा मागवत गेलो. आधी मुठीचा कॉर्क आवडला म्हणून तो, मग चकचकीत रील सीट, मग दोर ओवायच्या कड्या म्हणजे गाइड, आणि सगळ्यात शेवटी कार्बनचा नऊ फुटी ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काडी. तो ब्लँक खडकावरून समुद्रात शंभर ग्रॅमचं शिसं फेकण्यासाठी बनलेला. मला मरळीसाठी दहा-बारा ग्रॅमचा रबरी बेडूक टाकायचा होता. एवढ्या हलक्या वजनानं ताठ ब्लँक वाकतच नाही, आणि रॉड वाकला नाही तर फेक जात नाही. बेडूक पंधरा फुटांवर पडायचा. त्या दिवशी धामच्या काठावर काकाजींचा प्रश्न आठवला. आधी मासा, मग पाणी, मग टाकायचं वजन, त्यावरून ब्लँक, आणि त्यानंतरच बाकी सगळं.

गाइडचंही तसंच. स्पिनिंग रील रॉडच्या खाली बसतं आणि दोर त्यातून मोठी वेटोळी घेत सुटतो. म्हणून रीलजवळचं गाइड मोठं आणि उंच लागतं, पुढची एकेक लहान होत जातात. मी बेटकास्टिंगची, म्हणजे रॉडच्या वर बसणाऱ्या रीलची, बुटकी गाइड बसवली होती, त्यामुळे दोर ब्लँकवर फटाफट आपटायचा. किती लावायची याचा ढोबळ हिशेब जितके फूट तितकी, वर टोकाचं एक. सात फुटी रॉडला आठ. कडीचं अस्तर मात्र स्वस्तातलं घेऊ नका. विणलेला दोर मऊ कडीला खाच पाडतो आणि मग तीच खाच दोर कापते. सिलिकॉन कार्बाइडची कडी टिकते. जुनी कडी तपासायला आपल्याकडे कापूस आहेच. बोळा कडीतून गोल फिरवा. एखादा तंतू अडकला की तिथे तडा आहे, डोळ्याला दिसो वा न दिसो.

चौथ्या रॉडनं ऋतू शिकवला. गाइड बांधलेल्या धाग्यावर चढवायचं इपॉक्सी मी मे महिन्यात कालवलं. वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास. दुसऱ्या गाइडपर्यंत पोचेतो ते मधासारखं घट्ट झालं, बुडबुडे आतच अडकले. पावसाळ्यात दमट हवेनं थर पांढुरका पडतो. म्हणून आता हे काम मी डिसेंबरात करतो. गाइडचा पाय कानशीनं धारेसारखा पातळ करतो, म्हणजे धागा पायरी न पडता वर चढतो. इपॉक्सी लावल्यावर रॉड बिघडलेल्या मायक्रोवेव्हच्या ताटलीच्या मोटरवर रात्रभर फिरत ठेवतो. मिनिटाला पाच-सहा फेरे, त्यामुळे ओघळ येत नाहीत.

पाचवा रॉड सात फुटी, आठ गाइडचा, दहा ते पंधरा ग्रॅम वजन फेकणारा. मुठीला महाग कॉर्क नाही, सुती दोरी गुंडाळली आहे. उन्हाळ्यात घामानं हात सरकत नाही. मरळीसाठी याहून चांगला रॉड माझ्या हातात आलेला नाही.

बोरगावात किंवा आसपास कोणाला रॉड बांधायचा असेल तर स्टँड आणि मोटर माझ्याकडे आहेत, खुशाल घेऊन जा. तलाव-धरणांची मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते, तेव्हा गरी टाकण्याआधी त्यांना विचारा. आणि माझ्याकडे याल तेव्हा कोणत्या मासोळीसाठी, ते ठरवून या.