विश्लेषण : मताधिकार मिळवणाऱ्या स्त्रियांना पुतळ्यासाठीही का झगडावे लागले?

लंडनमध्ये ब्रिटिश संसदेसमोर पार्लमेंट स्क्वेअर नावाचा चौक आहे. चर्चिल, लिंकन, मंडेला अशा ११ पुरुषांचे पुतळे तिथे होते. महात्मा गांधींचा पुतळा २०१५ मध्ये बसवला गेला, तो त्यातला अकरावा. बारावा पुतळा २४ एप्रिल २०१८ रोजी उभा राहिला आणि तो या चौकातील स्त्रीचा पहिला पुतळा ठरला. मिलिसेंट फॉसेट यांचा. ब्रिटनमध्ये स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या कायद्याला त्या वर्षी १०० वर्षे पूर्ण झाली होती. हा पुतळा सरकारला आपणहून सुचलेला नव्हता. त्यासाठी मोहीम चालवावी लागली. अमेरिकेतही असेच घडले आणि तिथली गोष्ट जास्त बोचरी आहे.

मोहीम कशी सुरू झाली?

८ मार्च २०१६, महिला दिन. लेखिका कॅरोलिन क्रियाडो पेरेझ धावायला बाहेर पडल्या होत्या. पार्लमेंट स्क्वेअरमधून जाताना त्यांच्या लक्षात आले, की इथे एकही स्त्री नाही. मे महिन्यात त्यांनी ऑनलाइन याचिका सुरू केली. लंडनचे महापौर म्हणून नुकतेच निवडून आलेले सादिक खान यांच्याकडे मागणी होती, की २०१८ पूर्वी इथे स्त्री-मताधिकारासाठी लढलेल्या स्त्रीचा पुतळा हवा. सुमारे ८५ हजार लोकांनी सह्या केल्या. एप्रिल २०१७ मध्ये तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी पुतळ्याची घोषणा केली. शताब्दीसाठी राखलेल्या ५० लाख पौंडांच्या निधीतून तो साकारला.

पेरेझ यांची ही पहिलीच मोहीम नव्हती. पाच पौंडांच्या नोटेवरील समाजसुधारक एलिझाबेथ फ्राय यांच्या जागी चर्चिल येणार, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. तसे झाल्यावर राणी सोडली तर बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर एकही स्त्री उरणार नव्हती. पेरेझ यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि दहा पौंडांच्या नोटेवर कादंबरीकार जेन ऑस्टेन आल्या. त्याबद्दल पेरेझ यांना ट्विटरवर बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. धमक्या देणाऱ्या दोघांना तुरुंगात जावे लागले. मागणी काय, तर नोटेवर एका कादंबरीकाराचे चित्र!

देशातील पुतळ्यांची मोजणीही पेरेझ यांनी केली. स्मारकांच्या एका राष्ट्रीय नोंदवहीत ९२५ पुतळे होते. त्यांत एकट्या उभ्या असलेल्या स्त्रियांचे १५८. त्यातही बहुतेक देवता किंवा न्याय, शांती अशा कल्पनांची स्त्रीरूपे होती. राजघराण्याबाहेरच्या, इतिहासात खरोखर होऊन गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण २.७ टक्के निघाले.

फॉसेटच का, पँकहर्स्ट का नाहीत?

खरा वाद इथे झाला. याचिकेत मुळात ‘सफ्रेजेट’चा पुतळा मागितला होता. मताधिकाराच्या चळवळीत दोन वाटा होत्या. सभा, निवेदने, खासदारांच्या भेटी अशा सनदशीर मार्गाने जाणाऱ्या त्या सफ्रेजिस्ट. खिडक्या फोडणाऱ्या, तुरुंगात उपोषण करणाऱ्या त्या सफ्रेजेट. फॉसेट पहिल्या गटाच्या नेत्या, तर एमेलिन पँकहर्स्ट दुसऱ्या. फॉसेट यांनी १८६६ च्या पहिल्या मोठ्या अर्जासाठी वयाच्या १९ व्या वर्षी सह्या गोळा केल्या होत्या. पुरुषांइतकाच, म्हणजे वयाच्या २१ व्या वर्षापासून, मताधिकार स्त्रियांना १९२८ मध्ये मिळाला. १९१८ चा कायदा फक्त तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या स्त्रियांपुरता होता. म्हणजे पहिल्या अर्जापासून समान हक्कापर्यंत ६२ वर्षे. फॉसेट हा दिवस पाहून १९२९ मध्ये गेल्या.

पँकहर्स्ट यांचा पुतळा संसदेशेजारच्या बागेत १९३० पासूनच आहे. तरीही अनेकांना वाटले, की चौकातला मान त्यांचाच होता. तुरुंगवास सोसलेल्यांना बाजूला ठेवून सरकारला न अवघडवणारी स्त्री निवडली, असा हा आक्षेप होता. तो अगदीच चुकीचा नाही. पण ६० वर्षे चिकाटीने अर्ज-विनंत्या करणाऱ्यांचे काम नजरेत भरत नाही म्हणून विसरले जाते, हेही खरे आहे. शिल्पकार गिलियन वेअरिंग यांनी यावर एक तोड काढली. पुतळ्याच्या चौथऱ्यावर चळवळीतील आणखी ५९ जणांची नावे आणि चेहरे कोरले. त्यात दोन्ही वाटांच्या स्त्रिया आहेत, साथ देणारे चार पुरुषही आहेत. या ५९ मध्ये पंजाबचे महाराजा दुलीपसिंग यांची कन्या सोफिया दुलीपसिंग आहेत. त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

अमेरिकेत काय घडले?

अमेरिकेत १९२० मध्ये घटनादुरुस्तीने स्त्रियांना मताधिकार मिळाला. पुढच्याच वर्षी स्त्री संघटनेने सुसान अँथनी, एलिझाबेथ केडी स्टँटन आणि ल्युक्रेशिया मॉट या तिघींचे संगमरवरी शिल्प संसदेला भेट दिले. घुमटाखालच्या मुख्य दालनात त्याचा सोहळा झाला आणि थोड्याच दिवसांत ते तळघरात हलवले गेले. त्यावरचा सोनेरी अक्षरांतला मजकूरही झाकण्यात आला. तिथे ते ७६ वर्षे राहिले. ते वर आणण्याची मागणी पुन्हा पुन्हा झाली. शिल्प जड आहे, दिसायला बेढब आहे, खर्च कोण करणार, अशी उत्तरे मिळाली. शेवटी खासगी देणग्या जमवून १९९७ मध्ये ते मुख्य दालनात परत आणले गेले.

परत आणतानाही एक प्रश्न उभा राहिला. तिघीही गोऱ्या. गुलामगिरीतून सुटून स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या सोजर्नर ट्रूथ कुठे आहेत, असे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेने विचारले. ट्रूथ यांचा अर्धपुतळा २००९ मध्ये संसदेत आला.

एवढे होऊनही न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तीच चूक जवळजवळ पुन्हा झाली. त्या प्रचंड उद्यानात ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मधली अ‍ॅलिस होती, शेक्सपिअरची ज्युलिएट होती, पण खरी स्त्री एकही नव्हती. ‘मॉन्युमेंटल विमेन’ या स्वयंसेवी गटाने २०१४ पासून पाठपुरावा केला. त्यांच्या पहिल्या आराखड्यात पुन्हा फक्त स्टँटन आणि अँथनी होत्या. टीका झाल्यावर ट्रूथ यांचा समावेश झाला आणि २६ ऑगस्ट २०२० रोजी तिघींच्या शिल्पाचे अनावरण झाले. पुतळ्यांवर खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांनी हा वाद पाहावा. तो झाला नसता, तर ट्रूथ यांच्या वाट्याला तिथे जागा आली नसती.

मुंबईशी संबंध काय?

सोफिया दुलीपसिंग इंग्लंडमध्ये वाढल्या. राणी व्हिक्टोरिया ही त्यांची धर्ममाता. तरी १९१० च्या संसदेवरील मोर्चात त्या पँकहर्स्ट यांच्यासोबत चालल्या. मत नाही तर कर नाही, म्हणत त्यांनी दंड आणि जप्ती ओढवून घेतली. १९११ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची गाठ हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन यांच्याशी पडली. सोफिया यांच्या अंगावर ‘स्त्रियांना मत द्या’ असा बिल्ला होता. तो पाहून हिराबाईंनी चौकशी केली आणि त्या या कामात ओढल्या गेल्या.

हिराबाई पुढे मुंबईतून मताधिकाराचे काम करू लागल्या. भारतातील राजकीय सुधारणांसाठी नेमलेल्या साउथबरो समितीने हिंदी स्त्रियांना मत देण्याची मागणी फेटाळली. तेव्हा १९१९ मध्ये मायलेकी लंडनला गेल्या. तिथे संसदीय समितीपुढे त्यांनी बाजू मांडली, सभा घेतल्या. निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोपवला गेला. मद्रासपाठोपाठ मुंबई कौन्सिलने १९२१ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला. रमाबाई रानडे यांचेही त्यासाठी प्रयत्न होते. अर्थात मालमत्तेची अट असल्याने तो मूठभर स्त्रियांनाच मिळाला. सर्वांना तो राज्यघटनेने दिला. मिठन पुढे मिठन लाम झाल्या. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या त्या पहिल्या महिला बॅरिस्टर. १९४७ मध्ये त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या.

मुंबईच्या त्या निर्णयाची शताब्दी २०२१ मध्ये, ऐन करोनाकाळात आली आणि गेली. शाळेच्या पुस्तकातून हिराबाईंचे नाव आठवते, असे म्हणणारा वाचक विरळाच.

आपल्याकडे अशा मोहिमा झाल्या का?

झाल्या, आणि त्याही लांबल्या. पुण्यातील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. तिथे स्मारक व्हावे म्हणून कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. महापालिकेने ठराव केला, पण जागेवर गाळेधारक होते आणि प्रकरण न्यायालयात अडकले. २०२३ मध्ये आधी उच्च आणि मग सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निर्णय दिला. मोडकळीला आलेला वाडा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उतरवण्यात आला आणि १७५ वर्षांनी ती जागा स्मारकासाठी मोकळी झाली.