वीज व्यवसायात मुलींना वाव : कारागीर घरांनी विचार करावा

‘लाइनमन’, ‘वायरमन’ या शब्दांतच पुरुष दडलेला आहे. खांबावर चढणे, फ्यूज घालणे, रोहित्र दुरुस्त करणे ही बाईमाणसाची कामे नव्हेत असे आपण धरून चालतो. परंतु ही समजूत बीड जिल्ह्यातच खोटी ठरली आहे. महावितरणच्या तंत्रज्ञ उषा जगदाळे यांचे खांबावर चढून काम करतानाचे चित्रण करोना साथीच्या काळात राज्यभर पाहिले गेले. लोकांनी कौतुक केले आणि विषय तेथेच थांबला. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी मात्र तो पुढे न्यावयास हवा, कारण त्यात रोजगाराचा प्रश्न आहे.

काम ताकदीचे की लक्ष देण्याचे?

वीज उपकेंद्रात 33 के.व्ही. दाबाने येते. तेथून 11 के.व्ही. दाबाने ती गावच्या रोहित्रापर्यंत जाते आणि रोहित्रातून 230 व्होल्टने घरात पोहोचते. या प्रत्येक टप्प्यावर माणूस लागतो. उपकेंद्रातील यंत्रचालक पॅनेलवर लक्ष ठेवतो, दर तासाच्या नोंदी करतो आणि लाइन बंद करून कामाची परवानगी देतो. तंत्रज्ञ बिघाड शोधतो. मीटर तपासणारा वेगळाच असतो. खांबावर चढणे हा या सर्व कामाचा केवळ एक भाग होय.

त्यातही पुरवठा बंद झाल्याची खात्री करणे, डिस्चार्ज रॉड लावून तारा अर्थ करणे, हातमोजे व कमरेचा पट्टा वापरणे, याच गोष्टींवर जीव अवलंबून असतो. त्यांना मनगटाच्या जोरापेक्षा सावधपणा अधिक लागतो. उलट जोराच्या भरवशावर पट्ट्याशिवाय चढणाऱ्यांचेच अपघात होतात.

आणि ताकदीचेच म्हणाल, तर बीड जिल्ह्यात हा मुद्दा कोणी काढू नये. येथून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. बाई दिवसभर ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. त्या बाईला शिडी चढता येणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

अडथळा कोठे असतो?

शेजारच्या तेलंगणात याचा चांगला दाखला मिळतो. तेथे 2019 मध्ये कनिष्ठ लाइनमनची भरती निघाली तेव्हा महिलांचे अर्ज घेतले गेले नाहीत. काही महिला उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने संधी द्यावयास सांगितल्यावर त्यांनी खांबावर चढण्याची चाचणीही दिली. बब्बुरी शिरीषा या त्यातूनच पुढे लाइनवूमन झाल्या. म्हणजे अडथळा खांबाचा नव्हता, जाहिरातीचा होता.

महाराष्ट्रात हा अडथळा बराच पूर्वी दूर झाला आहे. 1994 च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत महिलांना 30 टक्के आरक्षण दिले आणि महावितरणच्या विद्युत सहायक भरतीतही महिलांसाठी जागा असतात. त्या जागांसाठी आयटीआयचे इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन या ट्रेडचे प्रमाणपत्र मागितले जाते. आपले घोडे अडते ते येथे. आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र असलेली मुलगी नाही. दहावीनंतर मुलीला आयटीआयमध्ये घातले तरी शिवण किंवा ब्युटी पार्लरचा ट्रेड दिला जातो. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करता येते आणि भरतीचा अर्ज भरता येतो.

नोकरी नसली तरी धंदा आहे

सर्वांनाच नोकरी मिळणार नाही हे उघड आहे. परंतु आपल्या समाजात मोटर रिवाइंडिंग, घरगुती वायरिंग, पंखे-कूलर दुरुस्ती ही कामे करणारी घरे पुष्कळ आहेत. तेथे हुनर बापाकडून मुलाकडे जाते, मुलीकडे येत नाही. वास्तविक जळालेली मोटर भरताना तारेचा गेज पाहणे, वेढे मोजणे, खाचेत कागद बसवणे, जोडणी लिहून ठेवणे हे सगळे बसून, बारकाईने करावयाचे काम आहे. कॉइल तर घरीही तयार होऊ शकतात.

गिऱ्हाईकाच्या बाजूनेही पाहावे. दुपारी घरात फक्त बायका असतात. अनोळखी मिस्त्रीला आत घेण्यास त्या संकोचतात आणि बिघाड संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. अशा घरी महिला इलेक्ट्रिशियन बेधडक जाऊ शकते. पडदा पाळणाऱ्या घरांत तर तिला विशेष मागणी राहील. शिवाय 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरील सौर संचाला 3 किलोवॅटपर्यंत 78 हजार रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. असे संच बसवण्याच्या व देखभालीच्या कामातही प्रशिक्षित हात लागतात. मात्र वायरिंगची कामे स्वतंत्रपणे घ्यावयाची तर सरकारी परवाना आवश्यक असतो, हे ध्यानात ठेवावे.

मालकांनी काय करावे?

मुलगी कामावर ठेवावयाची तर काही सोयी कराव्याच लागतील. दुकानात किंवा जवळपास स्वच्छ, कडी लागणारे शौचालय हवे. हातमोजे, पट्टा, बूट तिच्या मापाचे हवेत, कारण ढिला हातमोजा धोक्याचा असतो. येण्याजाण्याची वेळ ठरलेली असावी. दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तर 2013 च्या कायद्यानुसार महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. त्याहून कमी माणसे असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते.

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे प्रवेश सुरू होतात. ज्या बापाच्या हातात पक्कड आणि मेगर आहे, त्याने या वेळी अर्ज भरताना मुलीचे मत विचारावे. घरात हुनर आधीच आहे, तिला फक्त प्रमाणपत्राची जोड द्यावयाची आहे.