न भरलेल्या दातांचे किस्से

दाताला कीड लागते, खड्डा पडतो, डॉक्टर मसाला भरतात. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात एका अरुंद जिन्यावर आमचा दवाखाना होता. खाली ठोक कापडाच्या गाठी उतरायच्या, हमालांची हाकाहाकी चालायची आणि वर दात कोरणाऱ्या एअरोटरची किरकिर. त्या खुर्चीशेजारी मी बरीच वर्षं उभी होते. भरलेले दात शेकड्यांनी विसरले. न भरलेले मात्र एकेक आठवतात.

पहिला आठवतो तो खालच्याच एका दुकानदाराच्या चौदा वर्षांच्या मुलीचा. त्या दिवशी तिच्या दातांवरच्या तारा निघाल्या होत्या. तारेच्या टिकल्या जिथे चिकटवल्या होत्या, त्यांच्या कडेकडेने खडूसारखे पांढरे डाग उरले होते. दात ओला असताना असे डाग नजरेला चकवतात. मी सिरिंजने पाच सेकंद हवा मारली आणि ते चांगलेच उठून दिसले. मी ड्रिलला बर लावला, सिमेंट काढून ठेवायला सांगितलं आणि खात्री करावी म्हणून टोकदार प्रोब उचलला. आमच्या पिढीच्या हाताला तीच सवय होती. टोक अडकलं की कीड. तेवढ्यात दवाखान्याचे मोठे डॉक्टर, आमचे सर, मागून आले आणि एक शब्द न बोलता त्यांनी माझ्या हातातला प्रोब काढून घेतला. मुलगी खाली उतरल्यावर म्हणाले, "आतून दात झिरझिरीत झालाय, पण वरचा पापुद्रा शाबूत आहे. तू टोचलं असतंस, तर खड्डा किडीने नाही, तू पाडला असतास."

दवाखान्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी त्या दिवशी शिकले. आपण गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात. पीएच साधारण साडेपाचाच्या खाली उतरला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटून बाहेर पडू लागतं. मग लाळ कामाला लागते. अर्ध्या-एक तासात आम्ल निवतं आणि गेलेला माल परत दातात बसू लागतो. फ्लोराइड हाताशी असेल, तर परत बसलेला स्फटिक पहिल्यापेक्षा चिवट होतो. ही ये-जा दिवसभर चाललेली असते. दर तासाला बिस्किट नाहीतर गोड चहा पोटात गेला, की नुसती 'जा' उरते, 'ये'ला सवडच मिळत नाही. पांढरा डाग म्हणजे या हिशेबातली तूट. वरचा थर अभंग आहे तोवर ती भरून निघू शकते. तो फुटला आणि खड्डा पडला, की मात्र नाही. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात. मोडलेली भिंत पुन्हा बांधायला गवंडीच उरलेला नसतो.

त्या मुलीच्या डागांना फ्लोराइडचं वार्निश लावलं. रात्री पेस्टने दात घासल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, एवढं बजावलं. सहा महिन्यांनी डाग पूर्ण गेले नव्हते, पण फिके झाले होते, आणि खडूचा भुरकटपणा जाऊन त्यांच्यावर चकाकी आली होती. वडिलांनी विचारलं, "म्हणजे म्याडम, भरलं काहीच नाही?" तोवर या प्रश्नाला मी कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं.

त्याच बाजारात दोन डॉक्टरांचं एकमेकांशी पटत नसे. एका व्यापाऱ्याला एकाने पाच किडी सांगितल्या, दुसऱ्याने दोन. व्यापारी दोन्ही कागद घेऊन आमच्याकडे आला. त्याला फक्त खोटारडा कोण ते हवं होतं. सरांनी तोंड पाहिलं. दोन दाढांना खरोखरच खड्डे होते. उरलेल्या तीन डागांवर त्यांनी बोथट टोकाची सळई फिरवली. डाग काळपट तपकिरी होते, पण काचेसारखे टणक. कीड कधीकाळी सुरू झाली होती आणि आपोआप थांबली होती. पाचवाल्याने डाग मोजले होते, दोनवाल्याने खड्डे. खोटं कोणीच बोललं नव्हतं, पण पाचही भरले असते तर तीन धडधाकट दाढा कोरल्या गेल्या असत्या. कुठे हात लावायचा नाही, हे सांगणारा डॉक्टर मिळणं हे नशीब आहे, असं मला आजही वाटतं.

ज्या किश्शाने माझी झोप उडवली, तो दवाबाजारात काम करणाऱ्या एका भाऊंचा. गोळ्यांचे खोके रोज हाताखालून जायचे, त्यामुळे इलाजही स्वतःच. दाढ ठणकली की गोळी. गोळी पुरेना तेव्हा खड्ड्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबून ठेवायचा. एक दिवस संत्रा बर्फीचा डबा घेऊन जिना चढून आले. "म्याडम, दाढ आपोआप बरी झाली!" मी बर्फ लावून पाहिला. शेजारच्या दाढेला लावताच ते दचकले. या दाढेला काहीच कळलं नाही. नस मेली होती. मी समजावलं, तर म्हणाले, "दुखून नाही राहिलं, तं कायले हात लावता?" आणि उतरून गेले. दोन महिन्यांनी, नेमके मारबतीच्या मिरवणुकीच्या सकाळी परत आले. जबड्याखाली सूज, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, थुंकी गिळवत नव्हती. अशी सूज श्वासाची वाट दाबते. इतवारीकडचे रस्ते माणसांनी ओसंडत होते, गाडी निघणं शक्य नव्हतं. आमचा कंपाउंडर आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून गर्दीतून मेयो रुग्णालयापर्यंत चालत गेलो. ते वाचले, दाढ गेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कधीपासून? भाऊ कसेबसे म्हणाले, "दुखणं तं कवाच बंद झालं होतं."

खाली उतरून गावाकडे गेलं, की इलाज वेगळे. गावी जाऊन आलेल्या एका हमालाने कागदाच्या पुडीत 'दाढेतले किडे' आणून दाखवले. रिंगणीच्या बियांची धुरी दिली आणि दाढेतून सात पडले म्हणे. भिंगाखाली पाहिलं तर बियांमधले वळलेले कोंब. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांवर हाच खेळ चाले, आणि पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्येच शोधूनही दातात किडा सापडला नाही असं लिहून ठेवलं होतं. हमालाला हे सगळं सांगून झाल्यावर त्याने तोंड उघडलं. किडे निघाले होते, खड्डा तिथेच होता.

फ्लोराइडचं नाव काढलं की विदर्भातली माणसं बिचकतात, आणि त्यांचं बिचकणं खोटं नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच ते इतकं असतं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उठतात. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची 'नलगोंडा' पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने शोधली. ज्या शहरात ते पाण्यातून काढायची युक्ती निघाली, त्याच शहरात मी ते ब्रशने दातांना लावत होते. फरक मात्रेचा, आणि ते पोटात जातं की दातावर राहतं याचा. म्हणून त्या भागातल्या गावचं मूल आलं, की मी आधी घरचं पाणी कुठलं ते विचारायची.

शेवटचा किस्सा पाच वर्षांच्या एका पोराचा. दुधाच्या दोन दाढांना खड्डे, आणि ड्रिल पाहिलं की जिना हादरेल अशी किंकाळी. सरांनी सिल्व्हर डायअमीन फ्लोराइडची बाटली काढली. हे औषध जपानमध्ये १९७० च्या सुमारास आलं आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं. एक थेंब, मिनिटभर कापूस, काम झालं. याने खड्डा भरत नाही. कीड थबकते, मऊ झालेला भाग टणक होतो, आणि कुळकुळीत काळा पडतो. एक थेंब माझ्या बोटावर सांडला होता, तो डाग आठवडाभर निघाला नाही. पोराची आई काळ्या दाढा पाहून रडकुंडीला आली. घरात दिराचं लग्न होतं, फोटो निघायचे होते. सोबत आलेली आजी शांतपणे म्हणाली, "तीट लावली समज." आई गप्प झाली.

ते पोर दर सहा महिन्यांनी यायचं. दाढा काळ्याच, टणकच. अकराव्या वर्षी एक दिवस ते एकटंच जिना चढून आलं आणि टेबलावर कापराची डबी ठेवली. डबीत त्यांतली एक दाढ होती. मुळं पूर्ण झिजलेली, म्हणजे आपल्या वेळेला, आपणहून पडलेली. मी ती उजेडाकडे धरून सळईने खड्ड्याचा तळ घासून पाहिला. टक्क आवाज आला.