आईची आई सात नंबरला

तुम्ही १. वडील २, आई ३. पुढे कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील, आणि त्यात एक मिळवला की त्याची आई. म्हणजे आईची आई ७, तिची आई १५. मिखाएल आयत्झिंगर या ऑस्ट्रियन गृहस्थांनी ही युक्ती १५९० साली छापली, आणि वंशावळीची सॉफ्टवेअर आजही पूर्वजांचे तक्ते याच हिशेबाने काढतात.

आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलग्यांच्या शाखा पानंच्या पानं चालतात. मुलीपुढे सासरचं नाव येतं आणि ओळ बहुधा तिथेच संपते. संगणकावर २ला जितकी जागा, तितकीच ३ला. मला या सगळ्या खटाटोपात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आता एक गंमत. आईवडील मामे-आते भावंडं असतील, म्हणजे वडिलांनी सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न केलं असेल, तर १० आणि १२ या दोन्ही क्रमांकांवर एकच पणजोबा येतात! पणजोबा-पणज्या आठऐवजी सहाच. आपल्याकडे ही चाल अनेक घरांत आहे, तेव्हा तक्ता चुकला म्हणून घाबरू नका.

सुरुवातीला ‘ग्रॅम्प्स’ हे सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. बाईचं माहेरचं नाव मुख्य, सासरचं पर्यायी नाव म्हणून भरा. दत्तकाचीही सोय आहे. उदाहरणार्थ, सयाजीराव गायकवाड जन्मले १८६३ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, गोपाळराव म्हणून. १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं. अशा माणसाला दोन्ही आईबाप जोडता येतात, नातं जन्माचं की दत्तकाचं हे नमूद करून.

ग्रॅम्प्समध्ये ज्यू, इस्लामी, पर्शियन, इतकंच काय, फ्रेंच राज्यक्रांतीचीही दिनदर्शिका आहे. शालिवाहन शक मात्र नाही, ही उणीव खटकते. शकात ७८ मिळवा (पौष ते फाल्गुनातल्या जानेवारीपासूनच्या तिथींना ७९) आणि मूळ तिथी टिपणात जशीच्या तशी ठेवा.

काम झालं की ‘जेडकॉम’ फाईल काढून ठेवायची. हा साचा अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने १९८४ साली आणला. फाईल साध्या मजकुराची, नोटपॅडमध्येही उघडते. चर्चचं स्वतःचं ‘पर्सनल अँसेस्ट्रल फाईल’ हे सॉफ्टवेअर २०१३ मध्ये बंद झालं, पण त्यातून काढलेल्या जेडकॉम फाईली आजही दुसरीकडे उघडतात. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला होता; आपल्याला एका पेनड्राईव्हवर भागतं. एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे द्याच.

हयात माणसांची जन्मतारीख आणि पत्ता बाहेर देताना गाळा. फाईल काढताना तसा पर्याय मिळतो.

आणि सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी एक फोन करा. घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याला किंवा मावशीला तिच्या आईचं माहेर कुठलं ते विचारा, लग्नाआधीचं नावही विचारा. हे कागदावर क्वचितच सापडतं, म्हणून आजच विचारा.